तळं किलो देतं, नग आपण ठरवतो: लहान तळ्यात कोणते मासे आणि किती

लहान तळ्यात मासे सोडायचे ठरलं की पहिला प्रश्न हमखास "किती सोडू?" असा येतो. त्याच्या आधीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: आपण सोडणार तो मासा या तळ्यात पिल्लं घालणार आहे का? उत्तर "नाही" असेल तर सगळा खेळ मोजणीचा. जितके सोडले त्यातले काही मरतील, उरलेले वाढतील, आकडा वाढणार नाही. उत्तर "हो" असेल तर सुरुवातीची मोजणी सहा महिन्यांत फोल ठरते आणि तोल राखायला शिकारी मासा लागतो. हे दोन वेगळे धंदे आहेत. बहुतेक तळी बिघडतात ती हे दोन्ही नकळत एकत्र केल्यामुळे.

कटला, रोहू आणि मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणूनच त्यांचं बीज, म्हणजे सोडायची पिल्लं, पूर्वी नदीतून गोळा करावं लागे. १९५७ साली हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी पिट्युटरी (मेंदूखालच्या) ग्रंथीचा अर्क टोचून हे मासे बंदिस्त पाण्यात अंड्यांवर आणले, आणि मग हॅचरीतून हव्या त्या जातीचं बीज मिळू लागलं. चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) यांचंही तसंच, तळ्यात आपोआप वाढत नाहीत. सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र तळ्यातच अंडी घालतो, आणि तिलापियाचं तर विचारूच नका. या दोघांकडे पुढे वळू.

आधी किलो, मग नग

तळ्याचं क्षेत्र काठोकाठ भरलेलं असताना मोजू नये. वर्षातलं सर्वांत कमी पाणी असेल तेव्हाचं धरावं. उतरत्या कडांच्या तळ्यात हा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. वरचं माप ४० बाय २५ मीटर, म्हणजे १००० चौरस मीटर समजा. कडांचा उतार दीडास एक (दीड मीटर आडवं, एक मीटर खाली) असेल आणि पाणी दीड मीटर खाली गेलं, तर प्रत्येक बाजूने सव्वादोन मीटर आत येतं. उरतं ३५.५ बाय २०.५, म्हणजे सुमारे ७३० चौरस मीटर. मासे या ७३० मध्ये राहणार आहेत. हजाराच्या हिशेबाने सोडले की ऐन उन्हाळ्यात, पाणी गरम आणि ऑक्सिजन कमी असताना, दाटी होते.

कमी पाण्यातलं क्षेत्र १००० चौरस मीटर आणि खोली किमान एक ते दीड मीटर धरली, तर ढोबळ हिशेब असा: फक्त शेणखतावर तळं १०० ते १५० किलो मासा पोसतं. रोज भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समसमान मिसळून घातली तर २०० ते ३०० किलोपर्यंत जातं. त्याच्यावर जायचं तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) हवा, आणि रात्री-अपरात्री तो चालू आहे का हे बघणारा माणूसही.

आता आकडा उलट्या बाजूने काढायचा. पेंड घालणार आहोत आणि बेताने २४० किलो धरले. मासा काढताना सरासरी ८०० ग्रॅमचा हवा. म्हणजे शेवटी तळ्यात ३०० मासे हवेत. दहा सेंटीमीटरची चांगली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली तर शंभरातली पंचाहत्तर जगतात असं धरून सोडायची संख्या ४००.

या चारशेच्या जागी बाराशे सोडले तर तीनपट मासा मिळेल, असं वाटतं. मिळतो तेवढाच, २४० किलोच्या आसपास, फक्त प्रत्येक नग अडीच-पावणेतीनशे ग्रॅमचा. तळं किलो देतं, ते किती नगांत वाटायचे हे आपण ठरवतो. "वर्ष झालं तरी मासा वाढतच नाही" ही तक्रार शंभरातल्या नव्वद वेळा इथे येऊन थांबते. बीज वाईट, खाद्य वाईट, पाणी वाईट, सगळं तपासून होतं आणि किती सोडले हे कुणाला आठवत नाही.

बीजाचा आकार इथेच ठरवावा. मत्स्यजिरे म्हणजे अंड्यातून नुकतंच निघालेलं, मत्स्यबीज दोन-अडीच सेंटीमीटरचं, बोटुकली आठ-दहा सेंटीमीटरच्या पुढची. मोठ्या तळ्यात थेट जिरे टाकणं म्हणजे बेडूक, पाणकिडे आणि चिल्लर माशांना जेवण घालणं. मत्स्यबीज सोडलं तर निम्म्याहून जास्त जाण्याची तयारी ठेवावी. शिवाय किती गेलं ते कळत नाही, हे त्याहून वाईट, कारण मग पेंडीचा हिशेबही अंदाजाने चालतो. ज्या तळ्यात पाणी सात-आठ महिनेच टिकतं तिथे दाटीत अडवून ठेवलेली खुजी बोटुकली घ्यावी, पन्नास-शंभर ग्रॅमची. तिला जागा आणि खाद्य मिळालं की ती राहिलेली वाढ झपाट्याने भरून काढते. अशा तळ्यात नगही कमी सोडावेत, चारशेच्या जागी अडीचशे.

कोण कुठे खातं

तळं तीन मजल्यांचं घर आहे असं समजून भाडेकरू निवडायचे. वरच्या मजल्यावर कटला. त्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं आणि तो पाण्यातले सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणिप्लवंग, गाळून खातो. मधल्या थरात रोहू. त्याच्या ओठांना झालर असते. काठ्या, दगड, वनस्पतींवर धरलेलं शेवाळ आणि कुजका पालापाचोळा तो खरवडून घेतो. तळाशी मृगळ, तोंड खालच्या बाजूला, चिखलातला कुजलेला सेंद्रिय माल हे त्याचं अन्न. या तिघांचं ठरलेलं प्रमाण ४:३:३, म्हणजे आपल्या चारशेत कटला १६०, रोहू १२०, मृगळ १२०. पहिल्यांदा तळं करणाऱ्याने एवढ्यावर थांबलं तरी काही बिघडत नाही.

चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस हे आणखी तिघं आले की सहा जातींचं मिश्रण होतं. चारशेत त्याची वाटणी साधारण अशी करतात: कटला ६०, चंदेरा ८०, रोहू ८०, गवत्या ४०, मृगळ ६०, सायप्रिनस ८०. हा आराखडा भरपूर खत-खाद्य पडणाऱ्या तळ्यांसाठी आहे. लहान तळ्यात तो जसाच्या तसा उचलू नये. कारण सहा जाती म्हणजे सहा वेगळी ताटं, असं होत नाही.

चंदेऱ्याचंच घ्या. पुस्तकात तो वनस्पतिप्लवंग, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, खातो आणि कटला प्राणिप्लवंग, म्हणजे भांडण नाही. प्रत्यक्षात चंदेऱ्याच्या कल्ल्यांतली गाळणी स्पंजासारखी बारीक असते आणि तिच्यात जे येईल ते अडकतं, प्राणिप्लवंगही. तो वाढतोही झपाट्याने. दोघं सारख्या संख्येने सोडले की कटला मागे पडतो. "पाणी हिरवं झालंय, चंदेरा सोडतो म्हणजे निवळेल" हा दुसरा गैरसमज. सर्वांत बारीक शेवाळ त्याच्या गाळणीतून निसटतं, आणि त्या शेवाळावर जगणारे सूक्ष्म प्राणी तो खाऊन टाकतो. मग पाणी पूर्वीइतकंच हिरवं राहतं, कधीकधी जास्तच. त्यात हा मासा फार नाजूक. जाळं ओढलं की उड्या मारतो, खवले निघतात, हाताळल्यावर लगेच मरतो. दर महिन्याला जाळं टाकून वजन बघायचं असेल तर लहान तळ्यात चंदेरा नकोच, असं आमचं मत आहे. सोडायचाच असेल तर कटला त्या प्रमाणात कमी करावा. दोघं मिळून चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये.

मृगळ आणि सायप्रिनस यांचंही तळाशी असंच जमत नाही. मृगळ चिखल हलकेच चाळतो. सायप्रिनस नाक खुपसून तो उकरतो, किडे-अळ्या शोधतो, आणि मातीच्या बांधाच्या पायथ्यालाही सोडत नाही. पाचोळ्याने भरलेल्या तळाचा मालमसाला वर आणायला थोडे सायप्रिनस उपयोगी पडतात. जास्त झाले की पाणी कायमचं गढूळ होतं. गढूळ पाण्यात ऊन आत जात नाही, ऊन नाही तर वनस्पतिप्लवंग नाही, ते नाही तर प्राणिप्लवंग नाही, आणि वरच्या मजल्यावर कटला उपाशी. तळातल्या एका माशाने छपरावरच्याचं जेवण तोडायचं हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. गढूळपणा पावसाच्या मातीचा की माशाचा, हे ओळखायचं तर बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवावं. सकाळी पाणी निवळून खाली गाळ बसला, आणि पाऊस होऊन आठवडे उलटले असूनही तळं रोज गढूळच दिसत असेल, तर कुणीतरी रोज उकरतंय. तळाची माती चिकण असेल तर ती बाटलीतही लवकर बसत नाही, तेव्हा या परीक्षेवर एकट्या विसंबू नये.

गवत्याला वेगळं मोजावं. तो बाकीच्यांच्या ताटात हात घालत नाही, कारण त्याला पाणवनस्पती हव्या असतात: हायड्रिला, टिकलीसारखं डकवीड, अझोला. दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याने आणि कोवळं मिळालं तर त्याहूनही जास्त खातो. त्यातलं जेमतेम अर्धं पचतं, बाकीचं विष्ठेतून पाण्यात. म्हणजे गवत्या हा तळ्यातला चालता-फिरता खतकारखाना. म्हणूनच तणाने भरलेल्या तळ्यात गवत्या सोडल्यावर तण जातं आणि पाणी हिरवं होतं. ते बिघडलं नाही, तणातलं खत प्लवंगात आलं. ते खायला कटला आणि रोहू असले की साखळी पुरी होते. हजार चौरस मीटरला १५ ते ३० गवत्ये पुरतात. जलपर्णी आणि गोंडाळ यांच्यासाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नये, ती हातानेच काढावी लागते. आणि तळ्यातलं तण संपल्यावर त्याला रोज बाहेरून कोवळं गवत टाकावं लागतं. ते मिळालं नाही की तो इतरांच्या पेंडीवर येतो, आणि अंगाने मोठा असल्याने पहिला घास त्याचाच.

हे सगळं धरून मातीच्या लहान तळ्यासाठी आम्हाला पटणारी वाटणी, चारशेत: कटला १३०, रोहू १३०, मृगळ ९०, गवत्या २०, सायप्रिनस ३०.

प्लॅस्टिकचं तळं वेगळं

प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात तळाला चिखल नसतो, म्हणजे तळमजल्याचं स्वयंपाकघरच नाही. तिथे मृगळ १२० सोडले तर ते पेंडीवरच जगतात आणि रोहूशी भांडतात. सायप्रिनस तर तिथे अजिबात नको. त्याउलट कडेच्या प्लॅस्टिकवर हिरवट बुळबुळीत थर धरतो, तो रोहूला आवडतो. म्हणून प्रमाण रोहूकडे झुकवावं: कटला १६०, रोहू १८०, मृगळ ४०, गवत्या २०. गवत्या इथे बाहेरच्या गवतावरच जगणार आहे, ते जमत नसेल तर त्याचे वीस रोहूला द्यावेत. पाण्यात उभे बांबू किंवा दोराला बांधलेल्या काठ्या सोडल्या तर शेवाळ धरायला जागा वाढते. टोकं मात्र बोथट करून, कापड गुंडाळून. प्लॅस्टिक फाटलं की माशांचा प्रश्नच राहत नाही.

अशा तळ्यात जमिनीतून खतही येत नाही. शेणखत थेट ओतण्यापेक्षा गोणीत भरून कडेला टांगावं, रस हळूहळू उतरतो आणि तळाशी लगदा साचत नाही.

बीज ओळखता आलं पाहिजे

प्रमाण कागदावर कितीही नेमकं असो, पिशवीत काय आहे ते बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. "मिक्स" म्हणून मिळालेल्या पिशवीत बहुधा जे जास्त निपजलं तेच जास्त असतं. पांढऱ्या घमेल्यात पाणी घेऊन दहा-वीस नग सोडावेत आणि वरून, मग बाजूने पाहावं. शेपटीच्या देठाशी काळपट पट्टा असेल तर रोहू. तिथेच चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखा ठिपका असेल तर मृगळ. ठिपका नाही, डोकं अंगाच्या मानाने मोठं, तोंड वर वळलेलं, तो कटला. ओठांना दोन जोड्या मिशा आणि पाठीवरचा पर लांबच लांब असेल तर सायप्रिनस. गवत्या काडीसारखा गोलसर लांब, मिशा नाहीत, खवले मोठे. चंदेऱ्याचे खवले बारीक, डोळे खाली उतरलेले, आणि गळ्यापासून गुदद्वारापर्यंत पोटाखाली धारदार कड.

या कडेकडे नीट बघावं, कारण कटल्याच्या नावाखाली बिगहेड (मोठ्या डोक्याचा कार्प) येतो. बिगहेडचंही डोकं मोठं, पण खवले कटल्यापेक्षा कितीतरी बारीक आणि पोटाची धार फक्त पोटाच्या परांपासून मागे. तो कटल्याचंच अन्न खातो आणि त्याहून जोरात वाढतो. शंभर कटले समजून पन्नास बिगहेड सोडले गेले, तर उरलेले पन्नास कटले का खुरटले याचं कोडं वर्षभर सुटत नाही.

पिल्लं घालणारे मासे

सायप्रिनस वर्षाच्या आतच अंड्यांवर येतो. किलोभर वजनाची मादी लाखाच्या वर अंडी देते आणि ती चिकट असतात, उथळ पाण्यातल्या तणाला, गवताच्या मुळांना चिकटतात, दोन-तीन दिवसांत फुटतात. उपाय साधा आहे: कडेचं तण काढून टाकणं, पाण्यात लोंबणारं गवत कापणं, आणि मुळात तीस-चाळीसच्या वर सायप्रिनस न सोडणं. तरी थोडी पिल्लं होतातच. बाकीचे मासे अंडी खातात आणि सहसा तेवढ्यावर निभावतं.

तिलापिया निभावू देत नाही. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लंही धोका दिसला की तोंडात घेते, त्यामुळे जगणाऱ्यांचं प्रमाण मोठं. दोन-तीन महिन्यांची झाली की तीही पिल्लं घालू लागते आणि गरम पाण्यात दर चार-सहा आठवड्यांनी नवी खेप. सहा महिन्यांत तळं बोटाएवढ्या तिलापियांनी भरतं आणि त्यातली मादी त्याच आकारात पुन्हा पिल्लं घालत राहते. कार्पच्या, म्हणजे कटला-रोहूपासून सायप्रिनसपर्यंतच्या वरच्या जातींच्या, तळ्यात तिलापिया एकदा शिरला की जाळ्याने तो संपत नाही, तळं कोरडंच करावं लागतं. फक्त नरांचं बीज घेतलं तरी शंभरात दोन-तीन माद्या निघतात, आणि त्या पुरेशा असतात. तिलापिया करायचाच असेल तर त्याचं तळं वेगळं, कार्पसोबत नाही.

इथे शिकारी मासा कामाला येतो, मरळ. पण शिकारी म्हणजे झाडू नव्हे, त्यालाही हिशेब आहे. एक किलो मरळ तयार व्हायला जिवंत माशांचं खाद्य पाच किलोच्या आसपास किंवा जास्तच लागतं. वीस मरळ प्रत्येकी अर्धा किलोचे व्हायचे तर दहा किलो मरळ, म्हणजे पन्नास किलोहून जास्त बारीक मासा त्यांच्या पोटात जाणार. तेवढी पिल्लं तयार होत नसतील तर मरळ तुमच्या बोटुकलीकडे वळतो, आणि तीही संपली की आपल्याहून लहान मरळांकडे.

अमेरिकेत ऑबर्न इथे मत्स्यशास्त्रज्ञ होमर स्विंगल यांनी तळी रिकामी करून आतले मासे वजन करून पाहिले. त्यांच्याकडचे मासे वेगळे, लार्जमाउथ बास हा शिकारी आणि ब्लूगिल ही त्याची शिकार, पण १९५० साली त्यांनी मांडलेली मोजपट्टी कुठल्याही तळ्याला विचार करायला लावते: शिकार होणाऱ्या माशांचं एकूण वजन भागिले शिकाऱ्यांचं एकूण वजन. तोल राहिलेल्या तळ्यांत हा आकडा सहसा ३ ते ६ असतो. दहाच्या वर गेला की शिकारी अपुरे आणि बाकीचे खुरटलेले. त्यांच्या पद्धतीत शिकार आधी सोडतात, शिकारी नंतरच्या हंगामात, म्हणजे शिकाऱ्याला आल्या आल्या खायला पिल्लं असतात.

कार्पच्या तळ्यात हाच क्रम पण कारण उलटं. मरळ आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याचा मासा सहज गिळतो, निम्म्यापर्यंतही मजल मारतो. म्हणून कार्प दीड-दोनशे ग्रॅमचे होईपर्यंत थांबावं आणि मग दहा-बारा सेंटीमीटरचे मरळ १५ ते २० सोडावेत. सगळे एकाच आकाराचे, नाहीतर आधी एकमेकांना खातील. दुसऱ्या वर्षी नवी बोटुकली सोडण्यापूर्वी ते काढलेच पाहिजेत. आणि कुंपण हवं: मरळ हवेतून श्वास घेतो, पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या पाण्यात जातो. काठावर अर्धा मीटर उंच जाळी, खालची कड मातीत पुरलेली.

शिवडा कार्पच्या तळ्यात घालायचा विचारही करू नये. त्याचं तोंड एवढं की अर्धा किलोचा रोहूही सुरक्षित नाही. आणि गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी सोडायची असेल तर मृगळ व सायप्रिनस दोन्ही वगळावेत, कारण तळमजला एकच आहे.

सोडण्यापूर्वी आणि सोडताना

जुन्या तळ्यात आधीचे मासे शिल्लक असतात आणि सगळी गणितं तिथेच चुकतात. शक्य असेल तर तळं पूर्ण आटवून, चिखलाला भेगा पडेपर्यंत वाळवावं. आटत नसेल तर मोहाची पेंड, ती माशांना विष असते: दर घनमीटर पाण्याला २५० ग्रॅम. हजार चौरस मीटरात एक मीटर पाणी असेल तर २५० किलो. म्हणून आधी पाणी होईल तेवढं कमी करावं, पेंडही कमी लागते. आदल्या रात्री भिजवून, सगळीकडे सारखी शिंपडून, मग जाळं ओढून वर आलेले मासे काढावेत. विषाचा असर पंधरा-वीस दिवस राहतो, पुढे तीच पेंड खत होते. तेवढ्या काळात बीज आणायचं नाही. बोटुकली येण्याआधी एका बारक्या जाळीच्या पिंजऱ्यात पाच-दहा नग एक दिवस ठेवून बघावेत. पाणी आत येण्याच्या वाटेला बारीक जाळी बांधावी, नाहीतर चिल्लर मासे तिथूनच येतात. हे दोन बोटांचे मासे प्लवंग खाण्यात कटल्याचे सख्खे स्पर्धक.

चुना मातीच्या आम्लतेप्रमाणे हजार चौरस मीटरला २० ते ५० किलो. सात-आठ दिवसांनी शेणखत २०० किलो. मोहाची पेंड घातली असेल तर ही पहिली मात्रा वगळावी. मग पाण्याला रंग येण्याची वाट पाहावी. वीस सेंटीमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ते मोजायचं. २५ ते ४० सेंटीमीटर म्हणजे ताट वाढलेलं आहे. ६० च्या पुढे दिसत असेल तर बोटुकली उपाशी राहील. २० च्या आत आलं तर खत थांबवायचं. तबकडी नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवून तळवा पाहावा, बऱ्यापैकी जमतं. फक्त रंग हिरवा किंवा तपकिरी हवा. मातीच्या गढूळ पाण्यातही तळवा दिसत नाही आणि त्यात खायला काही नसतं.

पिशव्या सकाळी लवकर आणाव्यात, तोंड न उघडता पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवाव्यात, मग उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यावं. दहा लिटर पाण्यात दोन-तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून बोटुकलीला एक-दोन मिनिटं बुडवून काढलं की अंगावरचे परजीवी बरेच गळतात. मासा कलंडायला लागला तर लगेच काढायचा. सगळ्या जाती आठ-पंधरा दिवसांच्या आत सोडाव्यात. महिनाभर आधी आलेला रोहू नंतरच्या कटल्याला पेंडीजवळ फिरकू देत नाही.

तोल गेला हे कसं कळतं

महिन्यातून एकदा जाळं ओढून प्रत्येक जातीचे दहा-दहा नग तोलावेत आणि वहीत लिहावेत. एकट्या सरासरीवर जाऊ नये, जातीनिहाय फरक बघावा. कटला हातात घेतल्यावर डोकं भलंमोठं आणि मागे अंग सुतळीसारखं वाटलं तर वरच्या मजल्यावर उपास आहे: पाणी जास्त निवळलंय, किंवा कटल्याला स्पर्धक आहे. रोहू-कटला बरे आणि मृगळ हाडकुळा असेल तर तळ चाळून संपलाय, किंवा पेंड तळापर्यंत पोचतच नाही. तेव्हा थोडी पेंड भिजवून गोळे करून, भोकं पाडलेल्या गोणीत घालून तळाजवळ टांगावी. सगळेच सारखे मागे असतील तर जातींचा दोष नाही, नग जास्त आहेत. वीस-पंचवीस टक्के काढून टाका, आणि काढताना मोठे काढा, उरलेल्यांना वाढायला जागा होते.

पहाटे सूर्य उगवण्याआधी काठावर जाऊन यावं. मासे वर तोंड काढून हवा घोटत असतील तर ऑक्सिजन लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली गेलाय. चंदेरा आणि कटला आधी वर येतात, सायप्रिनस शेवटपर्यंत टिकतो. फक्त चंदेरा दिसला तर पेंड आणि खत दोन दिवस बंद, ताजं पाणी आत. मृगळही वर आला तर पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडायला लागा, विचार नंतर.

वर्षाच्या शेवटी मासे काढले की आधी जेवढे सोडले होते तेवढेच त्या त्या जातीचे परत सोडायचे, असं बरेच जण करतात. काढताना जाळ्यात कटला आणि रोहूच जास्त सापडतात. मृगळ आणि सायप्रिनस चिखलात दबून जाळ्याखालून निसटतात. म्हणजे दरवर्षी मागे तळमजलाच उरतो आणि त्यावर पुन्हा नव्वद मृगळ सोडले जातात. तीन वर्षांत तळ्याच्या खाली सगळी जुनी धेंडं आणि वर रिकामं. जाळ्याच्या तळाला जड साखळी लावावी, दोन-तीन ओढी घ्याव्यात, आणि वहीत सोडलेले वजा काढलेले वजा मेलेले असा प्रत्येक जातीचा हिशेब करून जेवढी तूट, तेवढीच भर घालावी.